नंबर कुणाचा?

मंडळी, पिकलबॉल शिकायला वीस मिनिटं लागतात आणि शनिवारी संध्याकाळी खेळायला मिळायला दीड तास! पुण्या-मुंबईचं सोडा, आता आमच्या खानदेशातही तीच तऱ्हा. जळगावला घरी गेलो की मी गावाबाहेरच्या एका ठिकाणी खेळायला जातो (नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको). तीन कोर्ट, मोठे दिवे, बाजूला चहा-सँडविचचा काउंटर आणि पोरांच्या दंग्यासाठी थोडं लॉन. धुळ्याला देवपुरात ताई राहते. तिच्याकडे गेलो की तिथलं असंच एक ठिकाण. दोन्हीकडे चित्र सारखंच. दुपारी चिटपाखरू नसतं आणि सात वाजले की उभं राहायला जागा नसते.

फरक एकच. जळगावला नंबर लावतात, धुळ्याला तासाचा स्लॉट आधी पैसे भरून घ्यावा लागतो. यावरून माझं आणि भाऊजींचं मागे चांगलंच वाजलं. भाऊजी म्हणाले, "अरे, ताटकळत बसण्यापेक्षा पैसे भर, वेळेवर ये, खेळ आणि जा. तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग बॅटींची रांग काय लावता?" मला ते पटेना, पण का पटत नाही हेही धड सांगता येईना. मग दोन-तीन वीकेंड यावरच वाचत बसलो (कोड लिहायचं सोडून हे धंदे). वाचल्यावर कळलं की हे भांडण बरंच जुनं आहे. जागा थोडी, खेळणारे जास्त, तर आधी कोण? माणसांनी याची तीनच उत्तरं काढलेली दिसतात. ज्याचा मान मोठा तो, ज्याचा खिसा मोठा तो, नाहीतर जो आधी आला तो. गल्ली क्रिकेटमध्ये तिन्ही एकत्र नांदतात. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, मोठ्या दादाला दोनदा आउट झाल्याशिवाय आउट देत नाहीत, आणि बाकीचे पाठीमागे आकडे लपवून नंबर पाडतात.

मानाचं उत्तर बघायचं तर १८८१ सालच्या मुंबईत जायला हवं. किल्ल्याबाहेर एस्प्लनेडचं मोठं मैदान होतं. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याचेच तुकडे आहेत. तिथे पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची. एका मैदानात अनेक मॅच, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर, म्हणजे आज रविवारी जे दिसतं तेच. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त युरोपियनांसाठी. त्यांना स्वतःची राखीव जागा होतीच. पण त्यातल्या साहेबांना पोलो खेळायचा असायचा, आणि त्यासाठी त्यांना नेटिव्हांचा भागही हवा असायचा.

आता कुणी म्हणेल, खेळू द्या की बिचाऱ्यांना, दोन-चार संध्याकाळींचा तर प्रश्न. पण पोलो घोड्यांवरून खेळतात. घोड्यांच्या टापांनी मैदानाची चाळण व्हायची आणि पुढचे किती तरी दिवस तिथे बॉल नीट टप्पा घ्यायचा नाही. म्हणजे मूठभर लोकांच्या एका संध्याकाळीसाठी शेकडो पोरांचा आठवडा जायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर एका प्रोसेसने रिसोर्स वापरला, आणि सोडताना करप्ट करून सोडला.

शापूरजी सोराबजी नावाचे एक पारशी गृहस्थ याच्या मागेच लागले. १८८१ मध्ये चारशेहून जास्त सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे गेला. मागणी साधी होती, पोलो दुसरीकडे हलवा. सरकारने आधी या पोरांच्या बाजूने निर्णय दिला. मग जिमखान्याने कुरकुर केली आणि निर्णय फिरला. पुन्हा अर्ज, पुन्हा उत्तरं. शापूरजींनी या सगळ्याची हकीकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. त्यात पारशी क्रिकेटचा इतिहास आहे आणि युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट या झगड्याचाही. रामचंद्र गुहांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड'मध्ये हा किस्सा रंगवून सांगितला आहे, जरूर वाचा.

याचा शेवट कसा झाला? रांग सुधारली नाही, जागा वाढवली. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर, आज जिथे मरीन ड्राइव्ह आहे तिथे, एकेका समाजाला स्वतंत्र मैदान मिळालं. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा, शेजारी इस्लाम जिमखाना. तुमचा नंबर लागत नाही ना, मग हे घ्या तुमचं वेगळं मैदान! पण जिमखाना म्हटला की मेंबरशिप आली आणि मेंबरशिप आली की दार आलं. दाराबाहेर कोण राहिलं असेल ते सांगायला नको.

खरं तर एक नाव सांगायलाच हवं. पळवणकर बाळू. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात पिच रोलरने दाबणं, नेट बांधणं ही त्यांची नोकरी. त्यातून ते साहेबांना बोलिंग टाकू लागले. ग्रेग नावाचा नामी बॅट्समन त्यांच्यासमोर तासन्‌तास प्रॅक्टिस करायचा. पुढे बाळू हिंदूंच्या टीमचे, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय टीमचे मुख्य बोलर झाले. पण पुण्याच्या त्या नेटमध्ये शेकडो तास बॉल टाकूनही त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. बॅट साहेबांची आणि बाळू चांभार समाजातले. अशी रांग, की ज्यात तुम्ही रोज सगळ्यात आधी येता आणि तुमचा नंबर मात्र कधीच येत नाही.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो. असो.

आता पिकलबॉलकडे. गंमत म्हणजे याचं कोर्ट एका अर्थाने पुण्याचं आहे. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत तयार झाले, म्हणून त्या खेळाला 'पूना' असंच म्हणायचे. इंग्लंडात बॅडमिंटन असोसिएशन झाली १८९३ ला. पुढे कोर्टाचं माप ४४ फूट बाय २० फूट असं पक्कं झालं. मग १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांना घरातल्या कंटाळलेल्या मंडळींसाठी काहीतरी खेळ हवा होता. घरामागे जुनं बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण धड सामान सापडेना. म्हणून त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा बॉल घेतला, आणि खेळता खेळता नेट ३६ इंचावर आणलं. शेजारच्या बार्नी मॅक्कॅलमने बॅटी करून दिल्या आणि नियम घडवायला मदत केली. कोर्टाचं माप तेच राहिलं, ४४ बाय २०.

नावाबद्दल सगळे कुत्र्याची गोष्ट सांगतात, पण कुत्रं म्हणे नंतर आलं. प्रिचर्डची बायको जोन हिने 'पिकल बोट'वरून नाव ठेवलं. नौकांच्या शर्यतीत इतर बोटींतून उरलेल्या वल्हेकऱ्यांची मिळून जी बोट करतात ती पिकल बोट. म्हणजे नावातच उरलेसुरले एकत्र आहेत! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भारतात हा खेळ आणायचं श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकरांना जातं. त्यांनी तो कॅनडात पाहिला, २००६ च्या सुमारास बॅटी-बॉल घेऊन आले आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्यानंतर कित्येक वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. मग कोविडनंतर एकदम स्फोट. अमेरिकेतल्या क्रीडा-उद्योग संघटनेच्या मोजणीत २०२० मध्ये खेळणारे ४२ लाख होते, २०२४ मध्ये १ कोटी ९८ लाख. चार वर्षांत जवळजवळ पाचपट. कोर्ट काही पाचपट झाली नाहीत. त्यामुळे तिथल्या सार्वजनिक बागांमध्ये नंबरांची एक पद्धत रुळली आहे. कुंपणाला एक रॅक असतो, आलात की आपली बॅट त्यात शेवटी खोचायची. कोर्ट रिकामं झालं की पुढच्या चार बॅटी ज्यांच्या, ते चौघं आत.

हे वाचून मला हसू आलं. कारण हे तर आपल्या नळावरचं! खानदेशात पाण्याची बोंब काय असते ते मी सांगायला नको. सार्वजनिक नळावर किंवा टँकरसमोर बायका स्वतः उभ्या राहत नाहीत, हंडा-घागर रांगेत उभी असते. मालकीण घरी भाकरी टाकत असते आणि तरी तिचा नंबर हलत नाही, आणि कुणी तो हलवला तर काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक असतं! हंड्याला जात विचारायची नाही असं मात्र नव्हतं, पाणवठ्यांचा इतिहास त्या बाबतीत मैदानांपेक्षा काळा आहे. पण निदान नुसता हंडा बघून तो मामलेदाराच्या घरचा की हमालाच्या हे कळत नाही. बॅटीचंही तेच.

आता थोडं गणित, घाबरू नका. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत आग्नेर क्रारुप एरलांग नावाचा गणिती होता (टेलिकॉमवाल्यांनो, एरलँग ही भाषा आठवली का? नाव तिथूनच). किती कॉल आले तर किती लाइनी लागतील, किती जण ताटकळतील, याचं गणित त्याने १९०९ पासून मांडलं. आजचं सगळं क्यूइंगचं शास्त्र त्या पायावर उभं आहे. त्यातून निघणारी एक गोष्ट प्रत्येक कोर्टमालकाने भिंतीवर लावावी. समजा एकच कोर्ट आहे, माणसं कधीही येतात आणि गेम कमी-जास्त वेळ चालतो. कोर्ट ५० टक्के वेळ भरलेलं असेल तर सरासरी थांबावं लागतं एका गेमइतकं. ८० टक्के भरलेलं असेल तर चार गेमइतकं. ९० टक्के, तर नऊ! १५ मिनिटांचा गेम धरा, म्हणजे पाव तासावरून थेट सव्वादोन तास. गर्दी दुप्पटही झाली नाही आणि वाट बघणं नऊपट झालं. म्हणून "काल तर पटकन मिळालं होतं, आज काय झालं?" या प्रश्नाला अर्थ नसतो. काल चार माणसं कमी होती, बस.

आणि आमच्याकडे तर सूर्यच गर्दी करतो. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४५ पर्यंत जातो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघड्या कोर्टवर पाऊल ठेवणार कोण? दिवसभराची सरासरी काढली तर कोर्ट चतुर्थांशही भरत नसेल, पण खेळणारे सगळे त्याच अडीच तासांत येतात. खानदेशाला ही भानगड नवी नाही. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, पुढची तीस वर्षं. एकदा वेचणी झाली की सगळ्यांचा कापूस एकदमच तयार, आणि खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग. रात्र रात्र गाडीखाली झोपून काढलेली माणसं आमच्या नात्यात आहेत. वर्षभराची क्षमता किती हा प्रश्नच नसतो, हंगामातली किती हा असतो.

दुसरी गोष्ट रेल्वेने शिकवली. पूर्वी रिझर्वेशनला ठरावीक खिडकीवर ठरावीक गाड्यांचं रजिस्टर असायचं. तुमच्या खिडकीसमोर पन्नास माणसं आणि शेजारचा बाबू डुलक्या घेतोय. १९८५-८६ मध्ये दिल्लीत कॉम्प्युटरचं रिझर्वेशन सुरू झालं, पुढे बाकी शहरांत आलं, आणि कुठल्याही खिडकीवर कुठलीही गाडी मिळायला लागली. खिडक्या तेवढ्याच ठेवूनही ताटकळणं कमी करायचा हा हुकमी उपाय. कोर्टवरही हेच. तीन कोर्टांना तीन रॅक लावले की तुमची रांग हमखास सगळ्यात हळू. तिन्हींना मिळून एकच रॅक हवा.

आणि तिसरी, 'जिंकेल तो राहील' हा नियम गर्दीत बंद. हॉस्टेलला आमच्या टीटीच्या टेबलावर हाच नियम होता. तासभर थांबायचं, अकरा-दोनने हरायचं, पुन्हा तासभर. हिशेब बघा. एक कोर्ट, तुमच्यापुढे बारा जण. जिंकलेले दोघे राहिले तर प्रत्येक गेमला दोनच नवे आत जातात, म्हणजे सहा गेम, दीड तास. चौघंही उतरले तर तीन गेम, पाऊण तास. वर जो नवीन आहे, ज्याला खेळ शिकायचा आहे, त्यालाच 'जिंकेल तो'मध्ये सगळ्यात कमी खेळायला मिळतं. म्हणजे मानाचंच उत्तर, फक्त मनगटाच्या वेषात. आपल्या तालमीत यापेक्षा शहाणपणा होता. हौदा एक, पोरं वीस, पण रिकामं कुणी बसत नाही. नंबर येईपर्यंत कडेला जोर-बैठका चालू, आणि कुणाला कधी आत घ्यायचं ते उस्ताद ठरवणार.

एक सोपा हिशेब तुम्हीही करू शकता. तीन कोर्ट, १५ मिनिटांचा गेम, चौघंही उतरणार, म्हणजे तासाला ४८ जागा. रॅकमध्ये तुमच्यापुढे २० बॅटी असतील तर साधारण २५ मिनिटं. चहा घ्या. ४० असतील तर ५० मिनिटं, घरी जाऊन जेवून या.

आता भाऊजींचा मुद्दा, कारण त्यात तथ्य आहे. स्लॉट घेतला की वेळ वाया जात नाही, नोकरदार माणसाला, लहान मूल असलेल्या आईला हे फार मोठं आहे. ताई स्वतः त्यामुळेच खेळू शकते. मालकालाही पैसे आधी मिळतात, त्याने कर्ज काढून कोर्ट बांधलंय, धर्मशाळा नाही. पण मी भाऊजींना म्हटलं, "तुमच्याकडे वेटिंग नाही असं तुम्ही म्हणता, कारण ज्याला मिळालं नाही तो तुम्हाला दिसतच नाही. तो घरी बसलाय." शनिवारचा सातचा स्लॉट बुधवारीच जातो. तिघं आले तरी कोर्ट त्यांचंच, चौथी जागा तासभर रिकामी. वाट बघणं संपलं नाही, फक्त मोजायचं बंद झालं. रेल्वे निदान वेटिंग लिस्टचा आकडा तरी दाखवते!

हेही मान्य करतो की जागा दोन्हीकडे तेवढ्याच. तीन कोर्टांवर एका वेळी बाराच जण खेळणार, मग ॲप असो की रॅक. प्रश्न इतकाच की तेच बारा तासभर, की चोवीस जण अर्धा-अर्धा तास. जळगावच्या रॅकमुळे मी एका संध्याकाळी एक रिटायर्ड पोस्टमन, बारावीतली एक मुलगी आणि गॅरेज चालवणारा एक माणूस यांच्याबरोबर खेळलो. यातल्या कुणाशीही मी एरवी बोललो नसतो. पोस्टमनकाकांनी मला किचनमधून (नेटजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात) अलगद बॉल टाकून तीनदा मामा बनवलं. पिकल बोट म्हणतात ती हीच. स्लॉटवाल्या ठिकाणी मी आजवर फक्त भाऊजींच्या ऑफिसातल्या लोकांशी खेळलो आहे.

आणि मालकाला नेहमीच वेटिंग कमी करायचं असतं असंही समजू नका. अमेरिकेत २०१६ मध्ये कॅन्सस सिटीजवळ 'चिकन एन पिकल' सुरू झालं, कोर्ट आणि रेस्टॉरंट एकत्र. तिथून हे मॉडेल सगळीकडे पसरलं. जिथे ताटकळणारा माणूस सँडविच खातो तिथे ताटकळणं हा तोटा नसतो. हिशेब साधा आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त माहीत असलेलं बरं.

भाऊजींशी शेवटी तह झाला तो असा. गर्दीचे अडीच तास, म्हणजे साडेसहा ते नऊ, सगळी कोर्ट रॅकवर, अकराचा एक गेम आणि चौघंही बाहेर. बाकी वेळ स्लॉट, हवं तर जास्त पैसे घ्या. एक कोर्ट आठवड्यातून दोन दिवस नवशिक्यांना. धुळ्याच्या मालकांना भाऊजी हे सांगणार आहेत, ते ऐकतील असं मला वाटत नाही. भाऊजींना वाटतं.

तोवर ज्यांना रांगच नको त्यांच्यासाठी. मेमध्ये पहाटे साडेपाचला जा. सोमवार-मंगळवार गाठा. चौघांच्या टोळीने जाण्यापेक्षा एकट्याने जा, कुठेतरी चौथा कमी असतोच. आणि डिसेंबरात सकाळी साडेसहाला धुळ्याची कोर्ट बिनदिक्कत रिकामी असतात, कारण थंडीने बोटं वळत नाहीत आणि कोर्टवर दव असतं. जाताना जुना टॉवेल न्या, आधी बेसलाइन पुसा, मग किचन.